पायांच्या मुंग्या आणि बी-१२

आईच्या पायांना मुंग्या यायच्या. वय झालं, मधुमेहही आहे, असं म्हणून सगळ्यांनी ते सोडून दिलं. मग पायातली चप्पल निसटून मागे राहिली तरी तिला कळेना. रात्री दिवा न लावता उठली की भिंत धरावी लागे. चेहरा पांढुरका पडला होता म्हणून लोह आणि फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या मिळाल्या. हिमोग्लोबिन वाढलं, सगळ्यांना हायसं वाटलं, पण मुंग्या वाढतच गेल्या. अखेर मेंदूविकारतज्ज्ञांनी बी-१२ तपासायला लावलं. ते फारच कमी निघालं.

सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते हेच. रक्तपेशी तयार व्हायला फोलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ दोन्ही लागतात. नुसतं फोलिक दिलं तरी रक्त सुधारतं. पण नसांवरचं आवरण टिकवायला बी-१२च हवं. रक्ताचा रिपोर्ट चांगला येत असताना नसा आतल्या आत खराब होत राहतात, आणि फार उशीर झाला तर त्या पूर्ववत होत नाहीत.

बी-१२ जिवाणू तयार करतात, भाजीपाला किंवा डाळी नाहीत. आपल्याला ते दूध-दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. दिवसाची गरज जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम, पण ते अंगी लागणं सोपं नाही. जठरातल्या आम्लानं ते अन्नातून सुटतं, जठरातच तयार होणारं एक प्रथिन त्याला धरून ठेवतं आणि लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात ते शोषलं जातं. आई शुद्ध शाकाहारी, दूध फक्त चहापुरतं. त्यात मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि रोज उपाशीपोटी पित्ताची गोळी. या दोन्ही गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की बी-१२चं शोषण घटू शकतं. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे तोवर काही जाणवतही नाही.

घरात अशी माणसं असतील तर डॉक्टरांना बी-१२च्या तपासणीबद्दल आपणहून विचारा. चालू गोळ्या मनानं बंद करू नका. इडली-ढोकळा आंबवलेले असतात, त्यातून भागेल, या भरवशावर राहू नका. बाळाला अंगावर पाजणाऱ्या शाकाहारी आईनं तर विचारावंच, कारण तिच्यात कमतरता असली तर दुधातून बाळालाही कमीच मिळतं. आणि तपासणीसाठी रक्त द्यायचं ते बी-१२चं इंजेक्शन सुरू करण्याआधी. नंतर आकडा वाढलेला दिसतो आणि मूळ कमतरता किती होती ते कळत नाही.