पावसाचे गणित कसे मांडतात?

आपला शिरूर तालुका पर्जन्यछायेतला. मृगाच्या भरवशावर पेरणी केली आणि पुढे पावसाने ओढ दिली, की दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो. मग "रेडिओवर तर पाऊस सांगितला होता!" अशी तक्रार पारावर ऐकू येते. हा अंदाज निघतो कसा, ते पाहू.

हवेच्या हालचालीचे नियम ठाऊक आहेत. पण त्यांची समीकरणे नेहमीच्या रीतीने सुटत नाहीत. म्हणून पृथ्वीवर काल्पनिक चौकोन आखतात आणि त्यांवर हवेचे थर कल्पितात. प्रत्येक चौकोनातील तापमान, दाब, वारा व बाष्प आकड्यांत मांडायचे, शेजारून काय आले-गेले ते धरून काही मिनिटांनंतरचे आकडे काढायचे, त्यांवरून पुढचे. कालच्या शिल्लकेत आजची जमा-नावे धरून खातेवहीत नवी शिल्लक काढतात, तसेच हे.

इंग्रज गणिती लुई रिचर्डसन यांनी पहिल्या महायुद्धात, फ्रान्समध्ये रुग्णवाहिका पथकात असताना, ही आकडेमोड हाताने केली. सहा तासांत दाब १४५ मिलिबारने वाढेल, असे उत्तर आले. प्रत्यक्षात तो जवळजवळ हललाच नाही! रीत खोटी नव्हती. सुरुवातीच्या आकड्यांचा आपसांत मेळ नव्हता. आरंभीची शिल्लकच चुकीची, मग पुढच्या बेरजा बरोबर असून काय उपयोग? तरीही १९२२ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी हे फसलेले उत्तर जसेच्या तसे छापले. मला त्यांचे हे धैर्य गणिताहून मोठे वाटते.

हेच काम पुण्यात पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत चालते. २०१८ साली तेथे 'प्रत्युष' महासंगणक आला आणि १२ किलोमीटरच्या चौकोनांवर अंदाज निघू लागला. एवढ्या चौकोनात शिक्रापूर आणि तळेगाव ढमढेरे दोन्ही मावतील. एकीकडे सर आली, दुसरीकडे कोरडे राहिले, तरी उत्तर एकच. चौकोन लहान करावा, तर बाजू निम्मी होताच चौकोन चौपट होतात; वेळेचे टप्पेही निम्मे करावे लागतात. म्हणजे काम आठपट! त्यासाठी २०२४ मध्ये 'अर्का' आला. तो सेकंदाला सुमारे ११,७७० लाख कोटी आकडेमोडी करू शकतो. मे २०२५ पासून ६ किलोमीटरच्या चौकोनांची भारत पूर्वानुमान प्रणाली सुरू झाली.

तरीही वळवाचा एखादा ढग दोन-तीन किलोमीटरचाच असतो. चौकोनात तो स्वतंत्र दिसत नाही. त्याचा परिणाम वेगळ्या सूत्राने अंदाजे धरतात. त्यामुळे पुढच्या तास-दोन तासांत वळीव कोठे कोसळेल, हे सांगताना रडारकडे पाहावे लागते.