विधवेची चिकाटी आणि डहाणूचे धुराडे



लूकच्या शुभवर्तमानात, १८ व्या अध्यायात, एक विधवा भेटते. हाती पैसा नाही, वशिला नाही. न्यायाधीश असा, की त्याला ना देवाचे भय ना लोकांची लाज. तरी ती खेपा घालीत राहते आणि शेवटी तो कंटाळून तिला न्याय देतो. प्रभूने हा दाखला प्रार्थनेविषयी सांगितला, हे खरे. पण प्रार्थना करणाऱ्याने न्यायालयाची पायरी चढू नये, असे त्यात कुठेही नाही.

आपल्या डहाणूची कथा याच वळणाची. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवून उद्योगांवर निर्बंध घातले. अधिसूचना कागदावरच राहिली. बिट्टू सहगल सर्वोच्च न्यायालयात गेले. ३१ ऑक्टोबर १९९६ च्या निकालानंतर न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आले. कोळशावरच्या ५०० मेगावॅटच्या वीज केंद्राने धुरातील सल्फर डायऑक्साइड काढणारे संयंत्र बसवावे, असा आदेश प्राधिकरणाने १९९९ मध्ये दिला. ते सुरू झाले २००७ मध्ये! आदेश हाती असूनही आठ वर्षे. पाठपुरावा थांबला असता तर ते बसले असते, असे आम्हाला वाटत नाही.

मात्र हे संयंत्र गंधकाचा वायू अडवते, कार्बन डायऑक्साइड नव्हे. चिकूच्या बागांना थोडा दिलासा मिळाला. पण साऱ्या पृथ्वीला तापवणारा वायू वर जातोच. त्याला आवरणारे प्राधिकरण कोणते? २०१५ च्या पॅरिस करारात प्रत्येक देश आपले वचन आपणच ठरवतो आणि ते मोडल्यास शिक्षा नाही. भारताने २०२१ मध्ये ग्लासगो येथे २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे जाहीर केले. वचन आहे, पण ते मागायला दारात उभा राहणारा हवा. श्रीमंत देशांनी आधी भरपूर धूर केला, ही तक्रार रास्तच आहे. ती त्यांच्या दारात मांडावी, आपले दार बंद करण्यासाठी वापरू नये.

प्रशांत महासागरातील बेटांवरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी २०१९ मध्ये अशीच खेप सुरू केली. वानुआतू या चिमुकल्या देशाने त्यांची मागणी संयुक्त राष्ट्रांत नेली. २३ जुलै २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिले, की हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे. हे मत आहे, हुकूम नव्हे. आपली अधिसूचनाही पाच वर्षे कागदच होती.

आणि एकदा मिळालेला न्याय टिकतोच असेही नाही. १९९८ मध्ये वाढवण बंदर नाकारणाऱ्या प्राधिकरणानेच ३१ जुलै २०२३ रोजी त्याला परवानगी दिली. मच्छीमार बांधवांना हे वेगळे सांगायला नको.

पोप फ्रान्सिस यांनी ४ ऑक्टोबर २०२३ च्या 'लाउदाते देउम' या पत्रात म्हटले, की सत्तेवर निकोप दबाव आणणे हे साऱ्या समाजाचे काम आहे. समाज गप्प बसतो तेव्हा ती जागा मूठभर आंदोलकांना भरावी लागते.

येत्या समूहसभेत लूक १८:१-८ वाचावे आणि आपल्या गावाने ग्रामसभेत कोणता ठराव मागावा, यावर बोलावे. समूहप्रमुखांनी ग्रामसभेची तारीख आधीच विचारून ठेवावी.