हिरवळ आणि तण

[घरापुढची हिरवळ सर्वांनाच आवडते. पण तिच्यात नको असलेली रोपेही उगवतात. ती कोणती, का उगवतात आणि कशी काढावीत, याची माहिती या पाठात दिली आहे.]

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही बागेत गेला आहात ना? तेथे मऊ, हिरवे गवत पसरलेले असते. लहान मुले त्यावर खेळतात. मोठी माणसे संध्याकाळी बसून गप्पा मारतात. अशा गवताच्या जागेला मराठीत 'हिरवळ' म्हणतात. बोलताना पुष्कळ लोक 'लॉन' असेही म्हणतात. काही घरांपुढेही छोटी हिरवळ असते.

आपल्याकडे हिरवळीसाठी बहुधा हरळी लावतात. उर्दूत जिला तुम्ही 'दूब' म्हणता, तीच मराठीत हरळी. हरळीला ऊन फार आवडते. तिचे बारीक खोड जमिनीवर सरपटत जाते. खोडाच्या प्रत्येक पेराला मुळे फुटतात आणि तेथे नवे रोप तयार होते. म्हणून हरळी थोड्याच दिवसांत सगळी जमीन झाकून टाकते.

तण म्हणजे काय?

आता एक गंमत पाहा. हीच हरळी शेतात उगवली तर शेतकरी तिला उपटून फेकतो. ज्वारीच्या किंवा कापसाच्या शेतात हरळी माजली तर पिकाचे नुकसान होते. म्हणजे अंगणात जी हवीहवीशी वाटते, ती शेतात नकोशी होते. तेव्हा तण ही काही वनस्पतीची वेगळी जात नव्हे. नको त्या जागी उगवलेली वनस्पती म्हणजे तण.

तणे जमिनीतले पाणी घेतात, खत घेतात आणि उंच वाढून हरळीवर सावली धरतात. ऊन न मिळाल्यामुळे हरळी पिवळी पडते. मग ती विरळ होते आणि मोकळ्या जागेत आणखी तण उगवते.

तण काढण्याच्या कामाला 'निंदणी' किंवा 'खुरपणी' म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रात या कामाला 'भांगलण' असाही शब्द आहे.

चार तणांची ओळख

शत्रूला हरवायचे असेल तर आधी त्याला ओळखावे लागते. आपल्या हिरवळीत नेहमी दिसणारी चार तणे अशी आहेत :

१. लव्हाळा : हा दिसायला गवतासारखा असतो, पण गवत नव्हे. त्याची फुलाची दांडी दोन बोटांत धरून फिरवा. बोटांना तीन कडा लागतात. हरळीच्या काडीला अशा कडा नसतात. लव्हाळ्याचे खरे बळ जमिनीखाली असते. तेथे त्याच्या काळपट गाठी असतात. एका गाठीपासून दुसरी गाठ, दुसरीपासून तिसरी, अशी माळच तयार होते. वरचा पाला उपटला तरी गाठ खालीच राहते आणि थोड्याच दिवसांत नवा कोंब वर येतो. जगातील अत्यंत त्रासदायक तणांमध्ये लव्हाळ्याची गणना होते.

२. केना : याची फुले लहान, निळी आणि सुंदर असतात. खोड रसाळ असते. खोडाचा तुकडा ओल्या मातीत पडला तर त्याला मुळे फुटतात. केन्याला जमिनीच्या वर फुले येतात, तशी जमिनीखालीही येतात! त्या फुलांपासून मातीतच बी तयार होते.

३. घोळ : उर्दूत याला 'कुल्फा' म्हणतात. याची पाने जाड आणि खोड लालसर असते. पुष्कळ घरांत घोळीची भाजी करतात. पण हिरवळीत ती तणच! उपटलेली घोळ तेथेच टाकली तर ओल्या जमिनीवर ती पुन्हा मूळ धरते.

४. गाजर गवत : याची पाने गाजराच्या पानांसारखी असतात आणि फुले बारीक, पांढरी असतात. हे मूळचे आपल्या देशातले नाही. ते अमेरिका खंडातून आले. भारतात १९५५ साली पुण्यात ते प्रथम नजरेस आले. आज ते देशभर पसरले आहे. एका मोठ्या झाडाला हजारो बिया येतात. कधी कधी त्यांची संख्या १५ हजारांच्याही पुढे जाते. बी इतके हलके असते की ते वाऱ्याने, पाण्याने आणि वाहनांच्या चाकांबरोबर दूर जाते.

या चारांपैकी गाजर गवत सर्वांत घातक आहे. त्याच्या स्पर्शाने काही लोकांच्या अंगाला खाज सुटते आणि चट्टे उठतात. त्याचे परागकण श्वासाबरोबर शरीरात गेले तर काहींना शिंका येतात, तर काहींना दम्याचा त्रास होतो. गुरांनी ते खाल्ले तर त्यांनाही अपाय होतो. म्हणून गाजर गवत काढणे हा केवळ शोभेचा प्रश्न नाही. तो घरातल्या लहानथोरांच्या आरोग्याचा प्रश्न आहे.

तण कसे काढावे?

तण काढण्याची वेळ महत्त्वाची आहे. कडक, कोरड्या जमिनीतून मूळ निघत नाही, ते तुटते. चिखल असेल तर पायांनी हिरवळ खराब होते. पाऊस पडून गेल्यावर माती ना फार ओली, ना फार कोरडी अशी होते. शेतकरी या स्थितीला 'वाफसा' म्हणतात. वाफसा आला की खुरपे घ्यावे आणि तण मुळासकट काढावे. पावसाळ्याच्या दिवसांत दर आठवड्याला अर्धा तास काम केले तरी छोटी हिरवळ स्वच्छ राहते.

दुसरा नियम असा की, तणाला फूल येण्याआधीच ते काढावे. फूल आले की बी येते आणि बी मातीत पडले की पुढच्या वर्षाचे काम वाढते. गाजर गवताचे एक रोप आज काढायला एक मिनिट लागते. ते आज राहून गेले आणि त्याच्या १५ हजार बियांपैकी शंभरातली एकच रुजली, तरी पुढे १५० रोपे काढावी लागतील. हा हिशेब तुम्ही स्वतः करून पाहा.

गाजर गवताला उघड्या हाताने कधीही हात लावू नका. हातमोजे घाला. हातमोजे नसतील तर हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधा. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. नाकातोंडावर रुमाल बांधा. ज्यांना दमा किंवा खाज यांचा त्रास आहे, त्यांनी हे काम करू नये. काम संपल्यावर हातपाय साबणाने धुवा आणि कपडे बदला.

लव्हाळ्यासाठी मात्र धीर पाहिजे. पुष्कळ लोक रागारागाने कुदळ घेऊन माती खणतात. त्यामुळे गाठींची माळ तुटते आणि सुटी झालेली प्रत्येक गाठ स्वतंत्रपणे कोंब धरते. एकाचे दहा लव्हाळे होतात! लव्हाळा थोडा असेल तर खुरप्याने खोल जाऊन गाठीसह काढावा. खूप असेल तर पुन्हा पुन्हा वर येणारा कोंब दर दोन-तीन आठवड्यांनी काढत राहावे. कोंब वर आणण्यासाठी गाठीला आपल्याजवळचे अन्न खर्च करावे लागते. पाने वाढू दिली नाहीत तर नवे अन्न तयार होत नाही. हळूहळू गाठ दुबळी होते.

नवी हिरवळ लावायची असेल तर एप्रिल-मे महिन्यांतील उन्हाची मदत घ्यावी. जमीन खणून माती उन्हात तापू द्यावी. वर आलेल्या लव्हाळ्याच्या गाठी वेचून घ्याव्यात. काही गाठी वेचायच्या राहिल्या तरी कडक उन्हात वाळून मरतात. त्यानंतर जमिनीला पाणी द्यावे. तणांच्या बिया रुजून वर येतील. ती कोवळी रोपे काढून टाकावीत. असे दोनदा करून मगच हरळी लावावी. बाहेरून आणलेली माती आधी पाहून घ्यावी, कारण तिच्यातून लव्हाळ्याच्या गाठी येतात. शेणखतही पूर्ण कुजलेले असावे. कच्च्या शेणखतात तणांच्या बिया जिवंत असतात.

हिरवळ दाट, तर तण कमी

तण काढले की काम संपले, असे समजू नका. तण मोकळी जागा शोधत असते. जेथे हरळी दाट आहे, तेथे तणाच्या बीला ऊन मिळत नाही. म्हणून हरळीची नीट काळजी घेणे हाच तण रोखण्याचा सर्वांत चांगला उपाय आहे.

हरळी अगदी बुडापासून कापू नये. ती सुमारे ३ ते ४ सेंटिमीटर उंच ठेवावी. एका वेळी तिच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त भाग कापू नये. पाणी देतानाही विचार करावा. रोज थोडे थोडे पाणी शिंपडले तर फक्त वरची माती ओली होते. तणांचे बारीक बी वरच्या मातीतच असते. त्याला ते पाणी पुरते. त्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी एकदा, पण माती खोलवर भिजेल असे पाणी द्यावे. त्यामुळे हरळीची मुळे खोल जातात आणि पाण्याची बचतही होते. पाणी साचत असेल तर ते वाहून जाण्यासाठी वाट करून द्यावी, कारण लव्हाळ्याला ओल फार आवडते. मोठ्या झाडाच्या दाट सावलीत हरळी वाढत नाही. तेथे हट्टाने हरळी लावण्याऐवजी सावलीत वाढणारी दुसरी रोपे लावावीत.

आपल्या राज्यात कितीतरी गावांना उन्हाळ्यात टँकरने पाणी मिळते. अशा दिवसांत पिण्याचे पाणी हिरवळीला घालू नये. डाळ-तांदूळ आणि भाज्या धुतलेले पाणी तिला चालते. हरळी उन्हात वाळली तरी घाबरू नका. तिची मुळे जिवंत असतात. पहिल्या पावसानंतर ती पुन्हा हिरवी होते.

औषध फवारावे का?

बाजारात तणनाशके मिळतात. काही तणनाशके फक्त रुंद पानांची तणे मारतात. काही मात्र तणाबरोबर हरळीलाही मारतात. चुकीचे औषध फवारले तर तण राहते आणि हिरवळ जळते. शिवाय तणनाशक हे विष आहे. मुलांनी त्याला हात लावू नये. घरातल्या मोठ्या माणसांनीही ते जाणकाराला विचारून, डब्यावरील सूचना वाचूनच वापरावे. ते सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये. अशा बाटलीमुळे एखाद्याच्या जिवावर बेतू शकते. काही लोक तणावर मीठ टाकतात. मिठाने तण मरते. पण मातीही बिघडते आणि मग तेथे हरळीसुद्धा उगवत नाही. घरापुढच्या छोट्या हिरवळीसाठी खुरपे हेच चांगले हत्यार आहे.

निसर्गातही आपले मदतनीस आहेत. गाजर गवत खाणारे भुंगे मेक्सिको देशातून भारतात आणले गेले. १९८४ साली बंगळुरू येथे ते सोडण्यात आले. त्यांच्या पांढुरक्या पाठीवर गडद रेषा असतात. पावसाळ्यात गाजर गवतावर असे भुंगे दिसले तर त्यांना मारू नका. ते गाजर गवताची पाने खाऊन आपलेच काम करत असतात.

सर्वांनी मिळून

समजा, तुम्ही आपले अंगण अगदी स्वच्छ ठेवले. पण शेजारच्या रिकाम्या जागेत गाजर गवत माजले आहे. मग वाऱ्याबरोबर त्याचे बी तुमच्या अंगणात येणारच. वाऱ्याला कुंपण कळत नाही. म्हणून मोहल्ल्यातील सर्वांनी मिळून हे काम केले पाहिजे. जबलपूर येथे तणांवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था आहे. ती ऑगस्ट महिन्यात 'गाजर गवत जागृती सप्ताह' साजरा करते. त्या सुमारास गाजर गवत कोवळे असते आणि जमीन मऊ असते. शाळेतील मुले आणि शिक्षक मोठ्या माणसांच्या मदतीने आपल्या गल्लीतील गाजर गवत त्याच वेळी काढू शकतात.

मित्रांनो, तण एका दिवसात जात नाही. पण दर आठवड्याला थोडे काम केले तर ते वाढतही नाही. मग येत्या रविवारी खुरपे घेऊन अंगणात जाल ना?

शब्दार्थ

हिरवळ – हिरव्या गवताची जागा
पेर – खोडावरील सांधा
माजणे – बेसुमार वाढणे
विरळ – दाट नसलेले
घातक – नुकसान करणारे
अपाय – इजा, नुकसान
दुबळी – अशक्त
जिवावर बेतणे – जीव धोक्यात येणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) तण कशाला म्हणतात?
(आ) भारतात गाजर गवत प्रथम कोठे नजरेस आले?
(इ) 'वाफसा' म्हणजे काय?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) कुदळीने खणल्यावर लव्हाळा वाढतो.
(आ) उपटलेली घोळ हिरवळीवर टाकू नये.
(इ) तणावर मीठ टाकू नये.

प्र. ३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) गाजर गवत काढताना कोणती काळजी घ्यावी?
(आ) हिरवळीला पाणी कसे द्यावे?

प्र. ४. विरुद्धार्थी शब्द लिहा.
दाट, ओले, शत्रू, सावली

प्र. ५. वाक्यांत उपयोग करा.
जिवावर बेतणे, मूळ धरणे, नजरेस येणे

उपक्रम : आपल्या शाळेच्या आवारातील तणांची यादी करा. प्रत्येकाचे मराठी आणि उर्दू नाव वहीत लिहा.