काच धुणारा पंप

पावसाळ्याचे दिवस. रस्ता ओला आहे. पुढच्या ट्रकच्या चाकांचा चिखल आपल्या गाडीच्या काचेवर उडतो. नुसता वायपर फिरवला तर चिखल आणखीच पसरतो. पुढचे काही दिसत नाही.

ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात १६ मीटरांहून जास्त जाते. तीन सेकंद दिसले नाही, तर गाडी ५० मीटर आंधळी धावली! तेवढ्यात वाटेवर गुरे येतील, शाळेची पोरे येतील. म्हणून काचेवर पाणी उडवणारा फवारा चालू पाहिजे.

मारुती ८०० ही गाडी १९८३ साली निघाली. २०१४ साली ती बनवणे बंद झाले. पण जुन्या गाड्या गावोगाव अजून फिरतात. अशा गाडीचा फवारा घरी दुरुस्त करता येतो.

बॉनेटखाली प्लॅस्टिकची एक टाकी असते. तिच्या बुडाशी लहानसा विजेचा पंप रबरी बुचात बसवलेला असतो. स्टिअरिंगजवळची दांडी ओढली की पंप फिरतो. पाणी नळीतून वर चढते आणि काचेवर उडते.

आधी दोष शोधा

फवारा बंद पडला की लगेच नवा पंप आणू नका. आधी टाकीत पाणी आहे का ते बघा. मग चावी फिरवा, पण इंजिन चालू करू नका. दांडी ओढा आणि कान द्या.

'घुर्र' असा आवाज आला, तर पंप फिरतो आहे. मग नळी निसटली असेल, नाहीतर फवाऱ्याचे भोक बुजले असेल. भोक सुईने साफ करा.

आवाज आला नाही, तर फ्यूज पाहा. फ्यूज चांगला असेल, तर पंपाची वायर काढा. तिला १२ व्होल्टचा लहान दिवा जोडा. दांडी ओढल्यावर दिवा लागला, तर वीज येते आहे, दोष पंपाचा. दिवा लागला नाही, तर दोष वायरीत किंवा बटणात आहे. ते काम वायरिंगवाल्याचे.

पंप कसा बदलावा

१. इंजिन थंड होऊ द्या. बॅटरीची वजा (−) खुणेची वायर काढा.
२. टाकी ओळखा. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचीही तशीच टाकी असते. तिला हात लावू नका.
३. टाकीतले पाणी काढून टाका. पंपाची वायर व नळी सोडवा. वायरी दोन वेगळ्या असतील, तर कोणती कुठे होती ते कागदावर लिहून ठेवा.
४. पंप हलवत हलवत सरळ बाहेर ओढा.
५. जुना पंप दुकानात न्या. त्यावरची अक्षरे व आकडे वाचा. नव्या पंपाशी ताडून बघा. दुकानात 'वॉशर मोटर' म्हणून मागा. नुसते 'पाण्याचा पंप' म्हटले, तर इंजिनाचा पंप पुढे येईल.
६. टाकीतला गाळ धुऊन काढा. रबरी बूच चिरले असेल, तर तेही बदला. बूच ओले करून नवा पंप दाबून बसवा.
७. नळी व वायर जोडा. पाणी भरा. गळत नाही ना, ते पाहा. मग बॅटरी जोडून दांडी ओढा.

टाकीत गढूळ पाणी भरू नये. कपड्यांची पावडरही घालू नये, भोके बुजतात. टाकी रिकामी असता दांडी ओढत बसू नये. कोरडा पंप लवकर खराब होतो.

पूर्वी दुकानदार जे देईल ते आपण घेत होतो. आता तुम्हांला वाचता येते. पंपावरचे '१२' तुम्हीच वाचा, मगच पैसे द्या.

उत्तरे द्या

१. पंपाचा आवाज येतो, पण पाणी उडत नाही. दोष कुठे असेल?
२. जुना पंप दुकानात का न्यावा?