पुरानंतरचा दमा

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. गावभागातलं आमचं घर खालून सगळं बुडालं. आम्ही वेळेत मिरजेला बहिणीकडे गेलो होतो, म्हणून निभावलं. मला लहानपणापासून दमा आहे. पण त्या पावसात, त्या काळजीत दम लागला नाही. तो लागला पाणी उतरून, घर धुऊन ‘सुटलो एकदाचे’ म्हटल्यावर.

ओला गाळ फावड्यानं ओढून काढता येतो. ऊन पडलं की त्याचं पीठ होतं. गल्लीतून टेम्पो गेला की फुफाटा उठे आणि खिडक्यांतून आत येई. कोपऱ्यावर भिजलेल्या गाद्यांचा ढीग होता. कुणीतरी तो पेटवला आणि फोमचा काळा धूर घराघरांत शिरला. मग रात्रीचा खोकला सुरू झाला, जिना चढताना धाप लागू लागली. पंप घेतला की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, पुन्हा छातीत घरघर.

डॉक्टरांनी छाती तपासून विचारलं, “काकू, घर वाळलंय का?” घरी येऊन लाकडी कपाट पुढे ओढलं. मागे भिंतीवर कमरेपर्यंत काळे-हिरवे डाग. कपाटाची प्लायवूडची पाठ फुगून सुटली होती आणि तिच्या आतल्या अंगाला पांढरी बुरशी धरली होती. पुढून कपाट स्वच्छ पुसलेलं होतं!

ओल मिळाली की एक-दोन दिवसांत बुरशी धरू लागते. तिचे बारीक कण हवेतून छातीत जातात. दमेकऱ्याच्या श्वासनलिका त्यानं सुजतात, आकसतात. पंपानं नळ्या काही वेळ मोकळ्या होतात, पण खोलीत बुरशी आहे तोवर दुखणं हटत नाही.

‘असा पूर एकदाच’ असं आम्ही २००५ सालीही म्हणालो होतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं आहे, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या टापूवर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. समुद्र तापतोय, हवेत बाष्प जास्त साठतंय. तेव्हा नदीकाठच्या दमेकऱ्यांनी पावसाळ्याची तयारी म्हणजे छातीचीही तयारी धरावी.

पहिली गोष्ट, औषधं. रोजचा पंप आणि दम लागल्यावर घ्यायचा पंप, दोन्ही जास्तीचे आणून चिठ्ठीसह प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. घर सोडताना ती पिशवी आधी उचला. बरं वाटतंय म्हणून रोजचा पंप मनानं बंद करू नका.

दुसरी, साफसफाई. दमेकरी, लहान मुलं आणि म्हातारी माणसं घर वाळेपर्यंत दुसरीकडे राहिलेली बरी. इतरांनी एन-९५ मास्क लावावा. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. गाळ ओला असतानाच काढा. वाळला असेल तर पाणी शिंपडा, मगच झाडू लावा. भिजलेली गादी, उशी, फुगलेलं प्लायवूड यांचा मोह सोडा, पण ते जाळू नका. बुरशी साबणाच्या पाण्यानं घासून काढा. नुसतं औषध मारून मेलेली बुरशीही त्रास देते. ओल्या भिंतीवर रंग फासला तर ती रंगाखालून पुन्हा वर येते.

तिसरी गोष्ट जिवावरची. ब्लीचिंग पावडर आणि संडासाचं ॲसिड एकत्र करू नका. त्यातून निघणारा क्लोरीन वायू फुप्फुसं भाजून काढतो. जनरेटर घरात किंवा बंद व्हरांड्यात लावू नका. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो, ना वास येतो.

बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर पडले असतील किंवा पंप घेऊनही दम ओसरत नसेल, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. पुराच्या पाण्यात वावरलेल्या माणसाला ताप येऊन धाप लागली तर डॉक्टरांना पुराचं आवर्जून सांगा. लेप्टोस्पायरोसिस फुप्फुसांपर्यंतही जातो.

आणि पूरग्रस्तांना मदत धाडणाऱ्यांना एक विनंती. बिस्किटं आणि जुने कपडे त्या वेळी ढिगानं आले होते. पुढच्या खेपेला त्याच खोक्यांत एन-९५ मास्कची पाकिटं घाला. पाणी उतरल्यावर कामाला येतात ती तीच.