डोंगरवाटेची सायकल व तिचे टायर

पाऊस उघडला म्हणजे आमच्या छत्रपती संभाजीनगरची मुले लेण्यांजवळील गोगाबाबाच्या टेकडीकडे सायकली घेऊन निघतात. टायर जाड घेतले की कोणत्याही वाटेने खुशाल जावे, असा त्यांचा व कित्येकदा त्यांच्या वडिलांचाही समज असतो. तो किती अपुरा आहे, हे आम्ही मनगट मोडून घेऊन शिकलो.

आपल्या डोंगरांचा खडक काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट होय. तो झिजून त्याचा मुरूम होतो, आणि उतारावर हा मुरूम कठीण तळावर असा पसरलेला असतो, जणू फरशीवर जोंधळे सांडले आहेत. अशा जागी टायरवरील उंचवटे त्या सुट्या थरातून खालच्या कठीण भूमीपर्यंत पोहोचले पाहिजेत. म्हणून ते उंच व एकमेकांपासून अंमळ दूर असावेत. वळताना सायकल कलते, तेव्हा भार कडेच्या उंचवट्यांवर येतो. ते झिजलेले असले तर मधली नक्षी कितीही शाबूत असो, उपयोग नाही. डांबरी सडकेवर मात्र हेच उंचवटे पायांस व्यर्थ श्रम देतात. जो विद्यार्थी आठवडाभर शाळेस व केवळ रविवारी टेकडीवर जातो, त्याने मध्ये ठेंगणे, दाट आणि कडेस उंच उंचवटे असलेले टायर घ्यावे. ओल्या काळ्या मातीचा प्रश्नच निराळा. ती उंचवट्यांच्या फटीत बसून टायर गुळगुळीत करून टाकते. विरळ नक्षीचे टायर तिला काहीसे झटकते खरे, परंतु आमच्या मते तेथे सायकल खांद्यावर घेणेच बरे!

आता हवेविषयी. १८८८ साली बेलफास्ट येथे डनलॉप नामक पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीस हवेचे टायर बसविले. तेव्हापासून भार वाहते ती मुख्यत्वे हवा. स्वार व सायकल मिळून वजन ६० किलो, म्हणजे सुमारे १३२ पौंड धरा. दर चौरस इंचास ६० पौंड दाब असेल तर दोन्ही टायर मिळून अंदाजे २.२ चौरस इंच भूमीस टेकतात. दाब ३० केला तर ४.४. पकड वाढते व दगडावरून उसळणेही कमी होते. मात्र हवा फारच उतरविली तर दगड व रिम यांमध्ये ट्यूब चेंगरून तिला शेजारी शेजारी दोन छिद्रे पडतात. टायरच्या कडेवर छापलेला मोठा आकडा कमाल दाबाचा असतो. तितकी हवा भरावीच, असा त्याचा अर्थ नव्हे. मागील चाकावर भार अधिक पडतो, म्हणून त्यात हवा किंचित जास्त ठेवावी.

आमची चूक अशी झाली. मागील टायर लवकर झिजते, म्हणून नवे टायर आम्ही मागे बसविले व पुढे जुनेच ठेवले. काटकसर केली असे वाटले. उतारावरील मुरमाच्या एका वळणात पुढील चाक सरकले आणि सावरण्यास अवधीच मिळाला नाही. मागील चाक घसरले तर बहुधा तोल सांभाळता येतो, पुढील घसरले तर स्वार पडतोच म्हणा ना. यास्तव एकाच नव्या टायरचे पैसे असतील तर ते पुढे बसवावे व पुढचे शाबूत असल्यास मागे टाकावे.

खरेदीच्या वेळी कडेवरील ५७-६२२ अशासारखे अंक वाचावे. पहिला आकडा रुंदीचा व दुसरा रिमवरील बैठकीच्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. २६ इंची डोंगरी सायकलीस ५५९, साडेसत्तावीस इंचीस ५८४ व २९ इंचीस ६२२ लागतो. दुसरा बसत नाही. रुंद टायर घेण्यापूर्वी ते चिमट्यास घासणार नाही ना, हेही पाहावे.

राहता राहिला बाभळीचा काटा. नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून जाड फडके फिरवावे. ते जेथे अडकेल तेथे काटा आहे असे समजावे, व तो काढल्यावाचून चाक बसवू नये.