स्वमग्न मूल आणि आपले गैरसमज



चार वर्षांपूर्वी इशाच्या नमाजनंतर एक गृहस्थ आपल्या अडीच वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन माझ्याकडे आले. नावाने हाक मारली तरी ते मूल वळून पाहत नव्हते. तोंडातून एकही शब्द फुटला नव्हता. मशिदीच्या फिरत्या पंख्यावर मात्र त्याची नजर खिळलेली होती. "मौलाना, कोणाची तरी नजर लागली आहे, काही पढून द्या," असे वडील म्हणाले. मी दुआ पढून फुंकर घातली, पाणी दिले आणि सब्र करण्यास सांगितले. त्यानंतर ते दर जुम्याला येत राहिले. असे चौदा महिने लोटले, आणि या चौदा महिन्यांत "डॉक्टरांना दाखविले का?" असे मी त्यांना एकदाही विचारले नाही. अखेर मुलाची मावशी त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी घेऊन गेली. तेथे आधी कान तपासले. ऐकू उत्तम येत होते. मग निदान झाले ते स्वमग्नतेचे, अर्थात ऑटिझमचे. "इतके दिवस कुठे होता?" हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न वडिलांनी मला येऊन सांगितला. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. परंतु त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे होते.

हा लेख त्या चौदा महिन्यांमुळे लिहीत आहे.

प्रथम शब्दाविषयी. मराठीचा विद्यार्थी म्हणून मला 'स्वमग्नता' हा शब्द काहीसा खटकतो. मूल स्वतःतच रमले आहे, त्याला आपली गरज नाही, असा भास त्यातून होतो. वास्तविक अशा मुलाला माया कळते, भीती वाटते, आईवाचून करमतही नाही. ते व्यक्त करण्याची, आणि समोरच्याचा चेहरा, स्वर, इशारा वाचण्याची त्याची रीत जन्मतःच निराळी असते. मेंदूची वाढच निराळ्या वळणाने होते आणि त्यामागे आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. रक्ताच्या एखाद्या तपासणीने किंवा मेंदूच्या छायाचित्राने याचे निदान होत नाही. जाणकार डॉक्टर मुलाचे वागणे बारकाईने पाहून, आईवडिलांना विचारून ते करतात.

पहिला गैरसमज आईविषयीचा आहे आणि तो केवळ आपल्याकडचा नाही. 1943 मध्ये अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचा अभ्यास मांडला, तेव्हापासून ही अवस्था वैद्यकशास्त्रात या नावाने ओळखली जाऊ लागली. पुढची वीसेक वर्षे तेथील मोठमोठे विद्वान सांगत राहिले की आई मायेने कोरडी असल्यामुळे मूल असे होते. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ स्वतः अशा मुलाचे वडील होते. त्यांनी 1964 मध्ये ग्रंथ लिहून या मताचे खंडन केले. आपल्याकडे विद्वानांची जागा सासूबाई आणि शेजारणी घेतात. ग्रहणात बाहेर पडली होती, मगरिबच्या वेळी केस मोकळे सोडले होते, घरात मोबाईल फार चालतो, असे नाना आरोप आईच्या माथी मारले जातात. लहान मुलाच्या हाती मोबाईल न देणे चांगलेच. पण त्याने स्वमग्नता जडत नाही. निर्दोष स्त्रीवर दोष ठेवणे ही आपल्या धर्मात किती गंभीर गोष्ट आहे, हे आपण जाणतोच.

दुसरा गैरसमज लसीचा. 1998 मध्ये अँड्र्यू वेकफील्ड या ब्रिटिश डॉक्टराने अवघ्या बारा मुलांच्या आधारे गोवराच्या लसीचा संबंध स्वमग्नतेशी जोडला. 2010 मध्ये तो लेख 'लॅन्सेट' नियतकालिकाने मागे घेतला आणि त्या डॉक्टराचा परवानाही गेला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष 2019 मध्ये आले; असा संबंध आढळला नाही. उलट गोवर काय करतो, हे 2022 च्या अखेरीस मुंबईच्या गोवंडी भागाने पाहिले आहे.

आता माझ्या क्षेत्राकडे वळतो. नजर लागणे सत्य आहे, हे हदीसमध्ये आले आहे. कुरआनच्या आयती पढून दम करणेही जायज आहे. परंतु म्हणून जे जे आपल्याला कळत नाही, त्याला 'असर' म्हणण्याची मुभा कोणी दिली? प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उपचार करण्याची आज्ञा केली आहे आणि अल्लाहने रोगाबरोबर औषधही उतरविल्याचे सांगितले आहे. दुआ उपचाराच्या आड येत नाही. आड येतो तो आमच्यासारख्यांचा आळस. काही ठिकाणी तर जिन्न उतरविण्याच्या नावाखाली अशा मुलांना मारहाण होते, धूर दिला जातो. हा सरळ जुलूम आहे. याच्या अगदी उलट एक प्रकार आहे. काही मुलांचे पाठांतर विलक्षण असते. एखादे मूल सूरह ऐकून ऐकून जसेच्या तसे म्हणू लागले की लोक त्याला 'अल्लाहवाला' ठरवून दुआ मागायला रांग लावतात. जिन्न म्हणा की वली, मुलाला मूल म्हणून कोणी पाहत नाही आणि उपचाराचे दिवस निघून जातात.

मकतबमधील उस्तादांना एक विनंती आहे. "तुझे नाव काय?" असे विचारल्यावर जे मूल "तुझे नाव काय?" हेच परत म्हणते, ते तुमची थट्टा करीत नसते. ऐकलेले शब्द तसेच परत उच्चारणे हे स्वमग्नतेचे एक सर्वपरिचित लक्षण आहे. नजरेला नजर न देणे हाही बेअदबीचा पुरावा नव्हे. छडी उगारण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवावे.

आणि मशीद? मूल सफमध्ये ओरडले, कान झाकून पळाले की आपण वडिलांकडे ज्या नजरेने पाहतो, त्या नजरेनेच अनेक बाप जमाअतीला येणे सोडतात. लहान मुलाचे रडणे कानी पडताच प्रेषित (स.) नमाज आटोपती घेत, हे बुखारी व मुस्लिम यांच्या संग्रहांत आहे. ह. अनस (र.) यांनी मदीनेतील एका स्त्रीविषयी सांगितले आहे, जिच्या बुद्धीत काही विकार होता. तिने आपले काही काम असल्याचे सांगितले. प्रेषितांनी (स.) तिला सन्मानाने 'अमक्याची आई' म्हणून संबोधिले, हवी ती गल्ली निवडण्यास सांगितले आणि तिचे म्हणणे पूर्ण होईपर्यंत ते तिच्याजवळ थांबले. जागा त्या स्त्रीने निवडायची होती, याकडे लक्ष द्यावे.

'अशांवर नमाज माफच असते' हाही सरसकट निर्णय योग्य नाही. धार्मिक जबाबदारी अकल आणि वयात येणे यांवर अवलंबून आहे. स्वमग्न व्यक्तींपैकी कोणी उच्चशिक्षित असतो, कोणाला आयुष्यभर आधार लागतो. ज्याला समज आहे त्याच्यावर नमाज फर्ज आहे; ज्याला नाही त्याच्याकडून हिशेब नाही. प्रत्येकाचे पाहून, घरच्यांना व डॉक्टरांना विचारूनच आलिमांनी मसला सांगावा.

वाचकहो, वर्षाचे मूल नावाला प्रतिसाद देत नसेल, दीड वर्षाचे होऊनही बोटाने काही दाखवीत नसेल, शिकलेले शब्द हरवत असतील, तर 'मुलगे उशिराच बोलतात' असे म्हणून थांबू नका. सरकारी रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा पातळीवर अशा मुलांच्या तपासणीची केंद्रे आहेत. याला मुळापासून बरे करणारे औषध नाही आणि तसे सांगून पैसे उकळणाऱ्यांपासून दूर राहावे. पण बोलण्याचे, हाताळण्याचे, स्वतःचे स्वतः करण्याचे प्रशिक्षण जितक्या लवकर सुरू होते, तितका लाभ अधिक. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र काढण्यात लाज बाळगू नये.

तो मुलगा आता साडेसहा वर्षांचा आहे. फार बोलत नाही. पाणी मागतो, वडिलांना 'अब्बा' म्हणतो. असरला गर्दी कमी असते, तेव्हा ते दोघे येतात आणि मागच्या सफच्या टोकाला उभे राहतात. लाऊडस्पीकरचा आवाज त्या वेळी आम्ही कमी करतो. पंखा बंद झाला की तो रडतो, म्हणून त्या टोकाचा एक पंखा थंडीतही चालू असतो.